दहा वस्तू जागच्या जागी

माझ्यामागे हे घर कोणाला मिळावं ते ठरवायला मी एक गेम लिहिला. कोणाला हा म्हातारचळ वाटेल. वाटू दे. माझं वय एकाहत्तर आहे, आणि या वयात माणसाला एखादा चळ असलेला बरा, नाहीतर दुपारी संपता संपत नाहीत.

घर म्हणजे काही राजवाडा नव्हे. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. वडिलांनी घेतलं, मग दादाचा संसार इथे झाला, मग माझा. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं अठ्ठ्याण्णव साली ठाण्याला राहायला गेली. मी आणि माझी बायको निशिगंधा इथेच राहिलो. आम्हाला मूल नाही. दादा सहा वर्षांपूर्वी गेला, निशी चार वर्षांपूर्वी. आता तीन खोल्यांत मी एकटा आहे, आणि त्यातल्या दोन खोल्यांचे दिवे फक्त बल्ब गेलाय का ते बघायला लावतो.

गेमची कल्पना जुनी. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी पस्तीस वर्षं प्रोग्राम लिहिले. ब्याण्णव साली ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला होता. त्यावर एक इंग्रजी गेम होता, चित्र एकही नाही, नुसती हिरवी अक्षरं. एक खडूस म्हातारा बंगल्यात वस्तू लपवून मरतो, आणि ज्याला त्या सापडतील त्याला इस्टेट. तुम्ही शब्द टाइप करायचे, दार उघड, दिवा घे, आणि गेम पुढे काय झालं ते लिहून सांगणार. दादाची मुलं, सुश्रुत आणि ऋजुता, तेव्हा दहा आणि सात वर्षांची. मे महिन्याची अख्खी सुट्टी दोघं डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली होती. अडली की ओरडायची, "काका, हे म्हणतंय समजत नाही!" मग मी जायचो, जरा भाव खायचो आणि एक खूण सांगायचो. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्या म्हाताऱ्याने वस्तू जागेवर ठेवल्या असत्या तर ही वेळ आली नसती."

ती सुट्टी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. असं आता वाटतं. तेव्हा मी मुलांवर डाफरतच असायचो.

तर गेल्या वर्षी मी तसाच गेम मराठीत लिहायला घेतला. बंगल्याच्या जागी आमचं घर. सात महिने लागले. सुरुवातच अशी केली: "काका गेले. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बंद दारासमोर उभे आहात. आत दहा वस्तू लपवल्या आहेत. दहाही शोधून दारामागच्या पिशवीत टाका. घर तुमचं." आधी चपला काढल्याशिवाय गेम आत घेत नाही. आईचा अडकित्ता पिठाच्या डब्यात, दादाचं शाळेतलं पदक शिलाई मशीनच्या खणात, निशीचा वाचायचा चष्मा उशीच्या अभ्र्यात, असं सगळं दडवलं. माळ्यावरच्या ट्रंकेला आकड्यांचं कुलूप घातलं, आणि तो आकडा खेळताना कुठेही दिसणार नाही असं केलं. मला फोन केल्याशिवाय तो मुलांना कळणार नव्हता. हे मुद्दाम केलं. खरं सांगायचं तर घराचा वारस मला नकोच होता. "काका, अडलंय रे, खूण सांग" असा एक फोन हवा होता.

जूनमध्ये गेमची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "जो पुरा करील त्याच्या नावावर घर. थट्टा नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ऋजुता पुण्याला असते, तिने हात जोडल्याची तीन चित्रं टाकली आणि लिहिलं, "काका कमाल आहेस! वेळ मिळाला की नक्की!!" वेळ अजून मिळायचाय. तिसऱ्या दिवशी रविवारी सकाळी सुश्रुतचा फोन आला. मी दुसरी रिंग होईपर्यंत मुद्दाम थांबलो.

"काका, झाला तुझा गेम."

"झाला म्हणजे?"

"म्हणजे सॉल्व्ह झाला. मी खेळत नाही बसलो रे, कुठे टाइम आहे. पेजचा कोड काढला, एआयला दिला, त्याने दहाच्या दहा जागा सांगितल्या. कुलुपाचा नंबरपण. पाच मिनिटांचं काम."

"मग घर तुझं," मी म्हणालो.

तो हसला. "अरे काका, घराचं काय घेऊन बसलायस. आम्ही कोण येणार तिकडे राहायला? तू मस्त राहा. बाय द वे, कोड एकदम क्लीन लिहिलायस हां. या वयात भारी."

फोन ठेवल्यावर मला इतका राग आला की चहा तसाच बेसिनमध्ये ओतला. राग सुश्रुतचा नव्हता. पोरगा वाईट नाही, दिवाळीला येतो, माझ्या गोळ्यांची चौकशी करतो. राग आला तो पाच मिनिटांचा. सात महिने मी त्या तीन खोल्या शब्दांत मांडल्या, आणि त्या पाच मिनिटांत आवरल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार? त्या दिवसापासून मी गेमकडे बघितलंच नाही. मी रुसलो की पद्धतशीर रुसतो. निशी म्हणायची, तुमचा रुसवा सरकारी आहे, एकदा फाइल बंद झाली की उघडत नाही.

गणपती झाले, नवरात्र आलं. गेमच्या पानाचं भाडं भरायची मुदत संपत आली तेव्हा ते पान बंदच करून टाकावं म्हणून मी कॉम्प्युटरला बसलो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गेम खेळणारा जे जे लिहील ते सगळं, आणि गेमने दिलेलं उत्तर, माझ्याकडे एका फाइलीत जमा होत असतं. यात चोरटेपणा काही नाही. लोक कुठे अडतात, कोणता शब्द गेमला कळत नाही, हे लिहिणाऱ्याला समजावं म्हणून असं करतात. मला वाटलं, फाइलीत सुश्रुतच्या दोन ओळी असतील. तर फाइल एवढी मोठी की उघडायला वेळ लागला.

जुलैपासून कोणीतरी रोज येत होतं. दुपारी दोननंतर यायचं, चारच्या सुमारास जायचं. रविवारी मात्र नाही.

मी पहिल्यापासून वाचायला बसलो. आधी वाटलं, ऋजुताच असणार. मनात अशी काही खुशी दाटली की उठून दोनदा खोलीत फेरी मारली. पण वाचत गेलो तसा चक्रावलो. हा माणूस गेम भलताच विचित्र खेळत होता. पिठाच्या डब्यातून अडकित्ता काढायचा, "अडकित्ता बघ" म्हणायचा, आणि मग "अडकित्ता परत डब्यात ठेव." शिलाई मशीनच्या खणातून पदक काढलं, बघितलं, खणात ठेवलं, खण लावला. उशीतून निशीचा चष्मा काढला, पुसला, गेमला पुसणं कळलं नाही तरी तीनदा पुसला, आणि अभ्र्यात ठेवून दिला. ट्रंकेच्या कुलुपाला मी घरातल्या खऱ्या कुलुपाचाच आकडा दिला होता, ते पहिल्याच फटक्यात उघडलं, आतली शाल घडी करून परत ठेवली. दहाही वस्तू सापडल्या होत्या, पहिल्याच आठवड्यात. दारामागच्या पिशवीत एकही गेली नव्हती. गुण शून्य. वारसा शोधायला आलेलं माणूस घर आवरून निघून जात होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होतं.

शिवाय वाक्यं टाइप केलेली वाटत नव्हती. कोणीतरी माइकवर बोलत असावं, तशी लांबलचक आणि अध्येमध्ये चुकीची उमटलेली.

"ओटा पुसून घे गं बाई."

"हे मला समजत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा," हे गेमचं उत्तर. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला त्याचं हेच उत्तर असतं, आणि ते मीच लिहिलेलं.

"दूध झाकून ठेव."

"हे मला समजत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा."

"पुढच्या खोलीची खिडकी लाव, गादी भिजेल."

इथे मी थांबलो. पुढच्या खोलीची खिडकी मी गेममध्ये लिहिलेलीच नाही. राहून गेली. पण ती खिडकी आहे, आणि पश्चिमेचा पाऊस आला की तिच्याखालची गादी खरोखर भिजते. हे माहीत असायला त्या गादीवर झोपलेलं असावं लागतं किंवा ती वाळत घातलेली असावी लागते.

मग ऑगस्टच्या नोंदी आल्या. एका दुपारी सगळी आवराआवर झाल्यावर पाच मिनिटं काहीच नव्हतं. मग एक ओळ:

"भावोजी, आहात का घरात?"

"हे मला समजत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा."

"अहो भावोजी."

"हे मला समजत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा."

"कोणी आहे का?"

"हे मला समजत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा."

निशीला बहीण नव्हती. मला भावोजी म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, दादाची बायको, आमच्या सरोजवहिनी. चार वर्षांत त्यांच्या-माझ्यात एक शब्द नाही. आणि त्यांनी मला हाक मारली तेव्हा मी रुसून बसलो होतो, आणि माझ्या वतीने ते यंत्र त्यांना तीनदा सांगत होतं की समजत नाही.

आमचं काय झालं होतं ते सांगतो. त्यात माझी शोभाच आहे, पण सांगतो. निशी गेली तेव्हा वहिनी रोज ठाण्याहून डबा घेऊन यायच्या. मला वाढायच्या, भांडी घासायच्या, संध्याकाळी सहापर्यंत नुसत्या बसून राहायच्या. दादाला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यांना ठाऊक होतं की माणूस संध्याकाळीच खचतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा करायला गेलो तर चहाच्या पुडीचा डबा जागेवर नाही. वहिनींनी फळी पुसून सगळे डबे नव्याने लावले होते. निशीने जिथे ठेवला होता तिथे आता पोह्यांचा डबा. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "हे निशीचं घर आहे. इथल्या एकाही वस्तूला तुम्ही हात लावायचा नाही."

निशी या घरात येण्याआधी नऊ वर्षं ती फळी वहिनीच लावत होत्या. त्या हे बोलल्या नाहीत. हातातलं फडकं चौकोनी घडी करून ओट्यावर ठेवलं, पर्स घेतली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. मी फोन केला नाही. आपण होऊन फोन करायचा म्हणजे कमीपणा, हे मला कोणी शिकवलं देव जाणे, पण मी चांगला शिकलो.

आता त्या गेममधल्या घरात यायच्या आणि प्रत्येक वस्तू उचलून जिथल्या तिथे ठेवायच्या. हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना मी. हे लक्षात आलं तेव्हा मी रडलो. एकाहत्तराव्या वर्षी खुर्चीत बसून हुंदके देऊन रडलो, आणि कोणी बघणारं नाही याचंही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेलो. सुश्रुतचं घर घोडबंदर रोडला, एकोणिसाव्या मजल्यावर. खाली वॉचमनने नाव लिहून घेतलं, वर फोन केला, मग सोडलं. तरीही वहिनींनी दार साखळी लावूनच उघडलं. केस पार पांढरे झाले होते.

"भावोजी? काय झालं? कोण गेलं?"

आमच्यात न सांगता कोणी दारात उभं राहिलं की हाच प्रश्न. मी म्हटलं, "कोणी नाही. सहज आलो."

"सहज," त्या म्हणाल्या, आणि साखळी काढली.

घरात कोणी नव्हतं. सुश्रुत आणि सूनबाई कामावर, नात सान्वी शाळेत, मग क्लासला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात वहिनी एकट्या असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं. खिडकीतून खाडी दिसत होती आणि घरात कसलाही आवाज नव्हता. सोफ्यावर सान्वीचा टॅब पडला होता. वहिनींनी जाता जाता त्याच्यावर उशी ठेवली.

त्यांनी चहा केला. मी चार वर्षं पाठ केलेलं वाक्य जिभेवर आणलं, वहिनी माझं चुकलं, एवढंच. ते आलं नाही. त्याऐवजी मी मूर्खासारखं विचारलं, "मी एक गेम लिहिलाय. सुश्रुतने दाखवला का तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला कुठलं कळतंय त्यातलं? आणि दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय नाही मला."

टोला बसला तो नेमका बसायचा तिथेच. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

"साखर कमी घातलीय. तुम्हाला आता कमीच लागत असेल."

"हो."

मग सान्वीच्या परीक्षेचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. अर्ध्या तासाने मी उठलो. त्यांनी थांबा म्हटलं नाही, पुन्हा या म्हटलं नाही. लिफ्ट येईपर्यंत मात्र दारात उभ्या राहिल्या.

त्यानंतर पाच दिवस फाइलीत एक ओळ आली नाही. मी दुपारी दोन वाजता कॉम्प्युटर लावून बसायचो आणि चार वाजता उठायचो. पाच दिवसांत मला कळलं की मी काय करून बसलोय. वहिनींना संशय आला असणार. आपण कोणाच्या तरी नजरेसमोर आवराआवर करतो, हे त्यांना खपणार नाही. त्या स्वाभिमानी आहेत, माझ्याहून काकणभर जास्तच. मी रुसून दाखवतो, त्या रुसल्याचं दिसूही देत नाहीत. सहाव्या दिवशी पहाटेच मनाशी म्हटलं, संपलं, आता पान बंद कर.

सहाव्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी दारात चपला काढल्याची ओळ उमटली.

प्रोग्रामर माणसाला पहिली गोष्ट काय सुचणार? एक ओळ घालायची. कोणी "भावोजी" म्हटलं की गेमने उत्तर द्यायचं, "आहे, वहिनी. बसा. माझं चुकलं." दोन मिनिटांचं काम. मी ओळ लिहिलीसुद्धा. आणि मग तासभर तिच्याकडे बघत राहिलो. कारण त्या ओळीने वहिनींना कळलं असतं की मी वाचतो. त्या उशीखाली टॅब लपवणाऱ्या बाई. त्यांनी ती ओळ वाचली असती, टॅब बंद केला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन ते चार मी पुन्हा एकटा. आणि त्याही. चुकलं म्हणायचं तर समोर बसून म्हणायला हवं होतं, ती वेळ मी चहाची तारीफ करण्यात घालवली.

ओळ पुसली. पानाचं वर्षाचं भाडं भरलं.

दुसरं काम मात्र केलं. गेममध्ये पुढच्या खोलीला खिडकी बसवली. दूध झाकता येईल असं केलं. ओटा पुसता येईल, चष्मा पुसता येईल, फळीवरचे डबे हवे तसे लावता येतील असं केलं. एकदम नाही, आठवड्याला एक, म्हणजे त्यांना वाटावं की आपलंच काहीतरी बोलायचं चुकत होतं. फळीचं काम झालं त्या दुपारी त्यांनी सगळे डबे लावले, एकामागून एक, चाळीस मिनिटं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन खऱ्या फळीवरचे डबे तसेच लावले. पोह्यांचा कुठे, चहाचा कुठे, फाइलीत बघून. सोयीचं होतं ते, चार वर्षांपूर्वीही असणार.

आता असं चाललंय. दोन वाजता त्या येतात. फाइलीत ओळी उमटतात तशा मी वाचतो. त्या पुढच्या खोलीत असल्या की मी तिथेच बसलेला असतो. स्वयंपाकघरात गेल्या की कधीकधी मीही उठून जातो आणि दारात उभा राहतो, मग आपलं आपल्यालाच हसू येतं. चार वाजता त्या चपला घालतात. कोणालाही सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. सुश्रुतचा फोन आला होता, म्हणाला, "आई हल्ली जरा खुश असते, काय माहीत काय." मी म्हटलं, बरं आहे.

काल त्या आल्या तेव्हा मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आजारी नव्हतो, एकट्यासाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो. त्यांनी खिडकी लावली, दूध झाकलं, दहाही वस्तू काढून बघून जागच्या जागी ठेवल्या. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, गेल्या. तेवढ्यात ओळ आली.

"भावोजी, जेवलात का?"

खाली गेमचं उत्तर होतं, की हे मला समजत नाही.

"जेवलो, वहिनी," मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो. मग त्यांच्याशी खोटं बोलवेना, म्हणून उठलो आणि कुकर लावला.